जपानीचे वा, गा, नि, दे: मराठी कुठे वाट दाखवते आणि कुठे चकवते

जपानी शिकायला बसलेल्या मराठी माणसाचे पहिले काही धडे मजेत जातात. क्रियापद वाक्याच्या शेवटी, नामाच्या मागे प्रत्यय, आणि प्रश्न विचारायला शेवटी चक्क 'का'. 'येतोस का?' म्हणजे 'किमास का?' शिवाय घर-घरात, रस्ता-रस्त्यावर अशी सामान्यरूपाची भानगड नाही आणि लिंगाची कटकटही नाही. मग एक दिवस 'घरात'साठी 'इए नि' म्हणायचं की 'इए दे', हा प्रश्न येतो. अर्थ दोन्हींचा 'घरात'च, पण एका वाक्यात एकच चालतं. इथून पुढे बरेच जण अंदाजाने लिहू लागतात.

या छोट्या शब्दांना जपानी व्याकरणात 'जोशि' म्हणतात (पुणेकरांना हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही). क्लासमध्ये सगळे 'पार्टिकल' म्हणतात, आपणही तेच म्हणू. गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या वहीतल्या एका यादीत असतं: नि म्हणजे ला, दे म्हणजे ने, ओ म्हणजे ला, वा म्हणजे काहीच नाही. ही यादी खोडून टाका. मराठी प्रत्यय आणि जपानी पार्टिकल यांची एकास एक जोडी लागत नाही. पार्टिकल ठरवतं ते क्रियापद. मराठीचा खरा उपयोग वेगळ्याच जागी होतो. वाक्याची घडण, म्हणजे कर्ता कोण, क्रियापद कुणाप्रमाणे चालतं, काय आधी बोलायचं, या बाबतीत आपला कान इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्यापेक्षा बराच तयार असतो.

आधी लिहिण्या-बोलण्यातल्या तीन विसंगती उरकून घेऊ. विषय दाखवणारं 'वा' लिहिताना 'हा' हे अक्षर वापरतात. दिशा दाखवणारं 'ए' लिहितात 'हे' या अक्षराने. कर्माचा 'ओ' लिहायला 'वो' हे स्वतंत्र अक्षर आहे आणि ते आज जवळपास याच कामापुरतं उरलं आहे. १९४६ च्या लेखनसुधारणेत जुनं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे बदललं, पण या तीन पार्टिकलांचं जुनं रूप तसंच ठेवलं. त्यामुळे रोमन कीबोर्डवर टाइप करताना 'वा'साठी एच-ए, 'ए'साठी एच-ई आणि 'ओ'साठी डब्ल्यू-ओ दाबावं लागतं. 'कोन्निचिवा'च्या शेवटचा 'वा' हेच पार्टिकल आहे, म्हणून तोही 'हा' अक्षरानेच लिहायचा. नवशिक्यांच्या निबंधात ही चूक हटकून सापडते.

आता 'आंबा आवडतो'कडे येऊ, कारण इथे मराठी फार कामाची आहे. 'मला आंबा आवडतो' याचं जपानी 'वाताशि वा मान्गो गा सुकि देस'. इंग्रजीतून शिकणारा 'मान्गो ओ' म्हणतो, कारण त्याच्या डोक्यात आंबा हे कर्म असतं. मराठीत तसं नाही. आंबा आवडतो, पोळी आवडते, लाडू आवडतात: क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलतं, आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नाही. म्हणजे आपल्याही वाक्यात आंबाच कर्त्याच्या जागी बसलेला आहे, आणि जपानीत त्या जागेचं पार्टिकल 'गा'. हीच घडण इतर ठिकाणी लावून बघा. मला जपानी समजतं: 'निहोन्गो गा वाकारिमास'. मला पोहता येतं: 'ओयोगु कोतो गा देकिमास'. डोंगर दिसतो: 'यामा गा मिएमास'. आवाज ऐकू येतो: 'ओतो गा किकोएमास'. मला पाणी हवं: 'मिझु गा होशी देस'. मला धाकटी बहीण आहे: 'इमोतो गा इमास'. मराठीत 'मला' ने सुरू होणारं आणि वस्तूप्रमाणे क्रियापद बदलणारं वाक्य असलं की जपानीत त्या वस्तूला बहुतेक वेळा 'गा' लागतो.

फक्त एक सांभाळायचं. 'मला' मधल्या 'ला'चं 'नि' करून 'वाताशि नि मान्गो गा सुकि' म्हणू नका. तिथे 'वा'च हवा. 'वाकारु' आणि 'देकिरु' यांच्याबरोबर 'वाताशि नि वा' चालतं, 'सुकि'बरोबर नाही.

हाच 'ला' पुढे अनेक रूपांत भेटतो. 'मित्राला भेटलो' याला 'तोमोदाचि नि आइमाश्ता', 'आईला फोन केला' याला 'हाहा नि देन्वा शिमाश्ता', 'सरांना विचारलं' याला 'सेन्सेइ नि किकिमाश्ता'. इथपर्यंत नि म्हणजे ला हे जमलं. पण 'मी मित्राला पाहिलं' यात 'तोमोदाचि ओ मिमाश्ता'. कर्म माणूस असेल तर मराठी त्याला 'ला' लावते, वस्तू असेल तर लावत नाही (मित्राला पाहिलं, पण सिनेमा पाहिला). जपानी दोघांनाही 'ओ' लावते. आणि 'हजार येनला घेतलं' यात तर 'सेन एन दे काइमाश्ता'. तीन 'ला', तीन पार्टिकल.

'ने'चीही तीच गत. 'पेन्सिलने लिहितो' याचं 'एन्पित्सु दे काकिमास', 'बसने जातो' याचं 'बासु दे इकिमास', 'एकट्याने खाल्लं' याचं 'हितोरि दे ताबेमाश्ता'. साधन, वाहन, एकट्याने किंवा तिघांनी मिळून, असं असलं की 'दे'. पण 'रामने आंबा खाल्ला' यातला 'ने' केवळ मराठीच्या भूतकाळामुळे आलेला आहे. 'राम आंबा खातो' म्हणताना तो नसतो. जपानीला याच्याशी देणंघेणं नाही. वर्तमान असो की भूत, पार्टिकल तीच राहतात: भूतकाळात 'रामु वा मान्गो ओ ताबेमाश्ता' एवढंच. भूतकाळी वाक्य जपानीत नेण्याआधी मनात ते वर्तमानकाळात फिरवून बघा. 'ने' गळून पडला तर तो 'दे' नव्हे. तिसरा 'ने' जपानीत 'चावला गेलो' अशा घडणीत जातो: 'मला कुत्र्याने चावलं' हे जपानी लोक 'इनु नि कामारेमाश्ता' असं म्हणतात. करणारा इथे 'नि' घेतो. सरांकडून कौतुक झालं तरी 'सेन्सेइ नि होमेरारेमाश्ता'.

आता मूळ प्रश्न, घरात: 'नि' की 'दे'? मराठीचा 'त' दोन्ही कामं एकटा करतो, म्हणून इथे कान मदत करत नाही, नियमच लागतो. काही तरी घडतंय, कृती चालू आहे, ती जागा 'दे' घेते. काही तरी आहे, राहतं, किंवा कृतीच्या शेवटी तिथे जाऊन टेकतं, ती जागा 'नि' घेते. टोकियोत राहतो: 'तोक्यो नि सुन्दे इमास'. टोकियोत काम करतो: 'तोक्यो दे हाताराइते इमास'. खुर्चीवर बसणं म्हणजे 'इसु नि सुवारु', कारण माणूस शेवटी खुर्चीवर असतो. बागेत झाड लावणं ही कृती असली तरी 'निवा नि कि ओ उएरु', कारण झाड तिथेच राहतं. बागेत खेळणं मात्र 'निवा दे आसोबु'. खेळून मुलं घरी जातात.

या नियमाला एक फाटा आहे आणि तो परीक्षेत हमखास येतो. 'आहे' म्हणजे 'आरु' असलं की 'नि', हे वस्तूंसाठी खरं. कार्यक्रम, मीटिंग, सामना यांच्यासाठी 'आरु' असूनही 'दे' लागतो, कारण तिथे 'असणं' म्हणजे 'घडणं'. 'कोपीकि वा निकाइ नि आरिमास' म्हणजे झेरॉक्स मशीन 'निकाइ'वर आहे, आणि 'काइगि वा निकाइ दे आरिमास' म्हणजे मीटिंग 'निकाइ'वर आहे. (जाता जाता: 'निकाइ' म्हणजे शब्दशः दुसरा मजला. पण जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणून आपल्या हिशेबाने तो पहिला मजला. जपानी ऑफिसात पहिल्या दिवशी एक जिना जास्त चढणारे कमी नाहीत.)

पार्टिकल क्रियापदाच्या मर्जीने चालतं याचा सगळ्यात चोख पुरावा बँकेच्या नोकरीत मिळतो. 'बँकेत काम करतो' याला 'गिन्को दे हाताराइते इमास' आणि 'बँकेत नोकरीला आहे' याला 'गिन्को नि त्सुतोमेते इमास'. माणूस तोच, बँक तीच. 'हाताराकु' कृती सांगतं, 'त्सुतोमेरु' कुठे रुजू आहे ते सांगतं. तशीच जोडी परीक्षेची आहे. 'शिकेन ओ उकेरु' म्हणजे परीक्षा देणं, 'शिकेन नि उकारु' म्हणजे परीक्षेत पास होणं. एक स्वर आणि एक पार्टिकल बदललं की अर्थ बदलला. नापास झालात तरी 'नि'च: 'शिकेन नि ओचिरु'. आणि सामना जिंकणं म्हणजे 'शियाइ नि कात्सु'. मराठीत 'सामना' हे कर्म आहे म्हणून 'ओ' लावावासा वाटतो, तो चुकतो.

'ओ' म्हणजे कर्म एवढंच शिकलेल्यांना पुढची वाक्यं विचित्र वाटतात. बागेत फिरणं म्हणजे 'कोएन ओ सान्पो सुरु'. पूल ओलांडणं 'हाशि ओ वातारु', पुढच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळणं 'त्सुगि नो कादो ओ मिगि नि मागारु'. ज्या जागेतून, जागेवरून आपण पार होतो ती जागा 'ओ' घेते. आपण सोडून बाहेर पडतो ती जागाही: घरातून निघणं 'इए ओ देरु', बसमधून उतरणं 'बासु ओ ओरिरु', विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडणं 'दाइगाकु ओ सोत्सुग्यो सुरु'. मराठीचा 'तून' ऐकला की हात 'कारा'कडे जातो. उतरताना 'कारा' खपून जातो, पण 'दाइगाकु कारा सोत्सुग्यो' हे चूकच. चढताना मात्र 'बासु नि नोरु', कारण शेवटी आपण बसमध्ये असतो. एकाच बसला प्रवासात तीन पार्टिकल लागली: चढताना नि, जाताना दे, उतरताना ओ.

वेळेच्या बाबतीत मराठी अर्धी वाट बरोबर नेते. सात वाजता, सोमवारी, मे महिन्यात इथे आपण प्रत्यय लावतो आणि जपानी 'नि' लावते: 'शिचिजि नि', 'गेत्सुयोबि नि', 'गोगात्सु नि'. आज, उद्या, काल, रोज यांना आपण काही लावत नाही, जपानीही लावत नाही. चकवा 'पुढच्या आठवड्यात' आणि 'गेल्या वर्षी' इथे आहे. आपला प्रत्यय दिसतो, पण 'राइश्यू' आणि 'क्योनेन' कोरेच राहतात. घड्याळ किंवा कॅलेंडरवर बोट ठेवता येतं अशी वेळ 'नि' घेते. 'आत्ता'पासून मोजलेली वेळ घेत नाही. आजचा 'उद्या' परवा 'काल' होतो, सोमवार मात्र सोमवारच राहतो.

कंपनीत काम करणाऱ्यांनी 'पर्यंत'कडे जास्त लक्ष द्यावं. 'पाच वाजेपर्यंत थांबतो' आणि 'पाच वाजेपर्यंत पाठवतो' यात मराठीला फरक दिसत नाही. जपानीत पहिलं 'गोजि मादे माचिमास', दुसरं 'गोजि मादे नि ओकुरिमास'. नुसतं 'मादे' म्हणजे पाच वाजेपर्यंत सतत चालू. 'मादे नि' म्हणजे पाचच्या आत एकदा, कधीही. ईमेलमध्ये 'नि' विसरला तर फाइल पाचपर्यंत एकसारखी पाठवत राहणार, असा अर्थ होतो. समोरचा समजून घेईल, पण मुदतीच्या वाक्यात ढिलाई नको.

आता 'वा' आणि 'गा'. सगळ्यात जास्त भीती यांचीच असते, आणि इथे आपला कान पुन्हा कामी येतो. ही दोन वाक्यं बघा: 'पुस्तक टेबलावर आहे' आणि 'टेबलावर पुस्तक आहे'. पहिलं कुणी 'पुस्तक कुठे आहे?' विचारल्यावर बोलतो. पुस्तकाचा विषय आधीच निघालेला असतो. दुसऱ्यात टेबल डोळ्यांसमोर आहे आणि त्यावर काय आहे ही बातमी आहे. मराठी हे शब्दांच्या क्रमाने सांगते, जपानी त्यात पार्टिकलही बदलते. पहिलं 'होन वा त्सुकुए नो उए नि आरिमास', दुसरं 'त्सुकुए नो उए नि होन गा आरिमास'. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला 'वा', जे नव्याने कळतंय त्या कर्त्याला 'गा'. आपल्या कहाण्या 'आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता' अशा सुरू होतात आणि पुढे 'राजा' म्हणून चालतात. जपानी गोष्टींतही आजोबा-आजी पहिल्या वाक्यात 'गा'ने प्रवेश करतात आणि दुसऱ्या वाक्यापासून 'वा' घेतात.

यातून बाकीचे नियम आपोआप निघतात. कोण, काय, कोणतं हे प्रश्नशब्द कर्ता असताना कधीच 'वा' घेत नाहीत, कारण जे माहीतच नाही ते विषय कसं होणार? 'दारे गा किमाश्ता का' याचं उत्तरही 'तानाका-सान गा किमाश्ता'. उत्तरातला हा 'गा' कधी कधी आपल्या 'च'सारखा वाजतो: तानाकाच आले. डोळ्यांसमोर घडलेली घटना सांगताना 'गा': 'आमे गा फुत्ते इमास', पाऊस पडतोय.

'वा' म्हणजे कर्ता नव्हे, हे पटायला हॉटेल बरं. वेटर आला की जपानी माणूस 'वाताशि वा कोही देस' म्हणतो. तो स्वतः कॉफी झालेला नसतो. आपणही 'मी चहा, हा कॉफी' म्हणतोच की. व्याकरणवाल्यांचं लाडकं वाक्य 'झो वा हाना गा नागाइ' याच घडणीचं आहे: हत्ती म्हणाल, तर सोंड लांब. 'वा' विषय उघडतो, 'गा' त्याच्या आतला कर्ता सांगतो.

'वा'चं दुसरं काम फरक दाखवण्याचं, आपल्या 'मात्र'चं. 'साकाना वा ताबेमास गा, निकु वा ताबेमासेन' म्हणजे मासे खातो, मांस मात्र नाही. (मधला 'गा' वेगळा बरं, तो 'पण'.) शाकाहारी माणसाने जपानमध्ये नुसतं 'निकु वा ताबेमासेन' म्हटलं तर ऐकणारा साहजिकच 'म्हणजे मासे चालतात' असं धरतो, आणि ताटात माशाच्या अर्काचं सूप येतं. त्यासाठी 'मो' दोनदा वापरा: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन', मांसही नाही, मासेही नाही. 'वा' आणि 'मो' आले की 'गा' व 'ओ' उठून जातात, 'साकाना ओ मो' असं होत नाही. नि, दे, कारा आणि 'तो' (म्हणजे 'बरोबर') मात्र जागेवर राहतात: 'नि वा', 'दे मो', 'कारा वा'.

आणि एक कुलूप लक्षात ठेवा: नामाला विशेषण म्हणून जोडलेल्या पोटवाक्यात विषयाचा 'वा' शिरत नाही. 'आईने बनवलेला केक' म्हणजे 'हाहा गा त्सुकुत्ता केकि'. 'आई आली तेव्हा' म्हणजे 'हाहा गा किता तोकि'. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत चार तुकडे जुळवून ताऱ्याच्या जागी कोणता येईल ते विचारतात, तिथे हे कुलूप फार उपयोगी पडतं. समजा 'कोरे वा ＿ ＿ ★ ＿ देस' आणि तुकडे आहेत: गा, त्सुकुत्ता, हाहा, केकि. 'देस'च्या आधी नाम हवं, म्हणून शेवटी केकि. त्याला चिकटणारं क्रियापद त्सुकुत्ता. उरलेला कर्ता हाहा, आणि त्याच्या मागे गा. तारा तिसऱ्या जागेवर, उत्तर त्सुकुत्ता. शेवटून मागे यायचं, पुढून अंदाज करत बसायचं नाही.

वाक्याच्या शेवटच्या 'ने' आणि 'यो'ला फार वेळ नको. 'ओइशी देस ने' म्हणजे छान आहे ना, दोघेही खात असताना. 'ओइशी देस यो' म्हणजे छान लागतं बरं का, समोरच्याने अजून चाखलेलं नसताना. साहेबांशी बोलताना प्रत्येक वाक्याला 'यो' लावलात तर शिकवल्यासारखं वाटतं.

वहीत नवं क्रियापद उतरवताना ते एकटं लिहू नका. 'आउ = भेटणं' ऐवजी '(माणूस) नि आउ', 'ओरिरु' ऐवजी '(वाहन) ओ ओरिरु', 'केक्कोन सुरु' ऐवजी '(माणूस) तो केक्कोन सुरु' असं लिहा. या शेवटच्यात आपला 'शी' अचूक बसतो. दार उघडण्याच्या दोन्ही क्रियापदांसाठी तर हे लागतंच. मराठीत 'मी दार उघडलं' आणि 'दार उघडलं' यात क्रियापद एकच, जपानीत 'दोआ ओ आकेमाश्ता' आणि 'दोआ गा आकिमाश्ता'.

मालिका आणि मित्रांच्या गप्पांत यातली बरीच पार्टिकल ऐकूच येत नाहीत. 'ओचा ओ नोमिमास का' चं 'ओचा नोमु?' होतं. गळतात ते मुख्यतः वा, ओ आणि काही वेळा गा. जाण्याच्या ठिकाणचा 'नि'ही कधी कधी गळतो. दे, कारा, मादे, तो सहसा गळत नाहीत, कारण ते काढले तर कशाने, कुठून, कुठपर्यंत, कुणाबरोबर हे कळायला दुसरा आधारच उरत नाही.